साखरपाण्याची बाटली

१२ फेब्रुवारी २००६
हे नागपूरहून घरी आले. वजन थोडं वाढलंय, दाढी गुळगुळीत. डॉक्टर म्हणाले, दारू सुटलीय, आता हात रिकामे ठेवू नका. जाम गावातलं दुकान दीर बघतात, ते काही परत बसू देणार नाहीत. समोरच चोरून दारू देणारा धाबा, त्यांचंही बरोबर आहे. मी एकदाच सांगितलं, परत सांगणार नाही: पुन्हा घेतली तर चिनूला घेऊन केळझरला आईकडे. आईनं खोली झाडून ठेवलीय. हे नुसते मान हलवत होते.

२७ फेब्रु.
गच्चीवर पडलेली माशांची टाकी खाली आणली. चिनू पाचवीत असताना हौसेनं घेतलेली. हे दिवसभर घासत बसले. गप्पी मासे, लांब पातीची झाडं. मी शाळेत शिकवून आले तर हे जेवायचंही विसरलेले. जीव हलका झाला, खोटं कशाला लिहू.

१४ मार्च
झाडं पिवळी पडली. हे कॅफेत जाऊन इंटरनेटवर वाचून आले. झाडांना गॅस लागतो म्हणे, तो घरी करता येतो. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत साखर, पाणी, बेकरीतलं यीस्ट. झाकणाला भोक, त्यातून सलाईनची नळी थेट टाकीत. संध्याकाळी बारीक बुडबुडे सुरू. चिनू टाकीपुढून हलेना.

१७ मार्च
शेजारच्या बोरकर काकू कुंपणावरून: "मॅडम, तुमच्याकडून वास येऊन राह्यला. मोहाच्या दारूचा येते तसा." इडलीचं पीठ आंबलंय म्हटलं. घरात जाऊन झाकण हुंगलं. तोच वास.
"हे काय करून राह्यले तुम्ही?"
"गॅस."
"आन् बाटलीत उरते ते?"
अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी, आणि आमच्या हॉलमध्ये शोकेसच्या बाजूला हे.

२ एप्रिल
बुडबुडे थांबले की बाटली रिकामी करून नवी भरायची. ह्यांनी स्वतःच ठरवलं, जुनं पाणी माझ्यासमोर मोरीत ओतायचं. मी शाळेतून आले की हाक मारतात. ओतलं की थोड्या वेळात मोरीत मुंग्यांची रांग, साखर थोडी उरतेच. झाडांना नवे कोंब. किती वर्षांनी आम्ही दोघं मिळून एक काम करतोय. कसलं काम, ते सोडा.

१९ एप्रिल
आज बाटली तिरपी धरून नुसते उभे राहिले. मी मागे. घसा हललेला दिसला मला. मग बाटली माझ्या हातात दिली.
"यापुढं तूच ओतत जाजो."
"काऊन?"
"मले वास सहन होत नाई."
मी ओतलं. हे गच्चीवर गेले, पायात चप्पल नाही, भर दुपारी. खाली आल्यावर म्हटलं, बंद करा हे सगळं. "झाडं मरतीन," म्हणाले. "आन् मग मी काय करू दिवसभर?"
मी घरी नसते सकाळभर. बाटली असते.

२९ एप्रिल
मरणाचं ऊन. त्यात लाईट गेलेली. शाळेतून आले तर बाटली गप्प. नुकतीच तर भरली होती. पेपर तपासायच्या नादात मी बघितलंच नाही, बुडबुडे आले होते की नाही. हे तोंडावर ओला टॉवेल टाकून आडवे. बडीशेपेचा वास. बडीशेप काय, जेवण झाल्यावर कोणीही खातं.
"बंद काऊन पडली?"
टॉवेलखालून, "गच्चीवरच्या टाकीतलं पाणी टाकलं होतं. आगीसारखं येते ते. यीस्ट मेलं असन."
असेलही. गरम पाण्यात मरतं, हे त्यांनी मागेच सांगितलं होतं. तेव्हा बाटली नव्हती थांबली, आणि मीही असे अर्थ काढत नव्हते.

१ मे
झेंडावंदन करून आले. बाटली ओतायला घेतली. वास अगदी नावाला. यीस्ट मेलं असेल तर साखर तशीच असणार, पाणी गोड लागणार. नसेल तर पिऊन झाल्यावर बाटलीत साधं पाणी भरून ठेवलेलं...
बोट बुडवलं. तोंडापर्यंत नेववलं नाही, पदराला पुसलं. राग आला स्वतःचाच. ओतून टाकलं.
हे टाकीपाशी, पाठ माझ्याकडे.
"ओतलं?"
"हो."
"वरून पाणी टाकजो. मुंग्या येतीन."
आजवर हे असं कधी म्हणाले नव्हते. की म्हणाले होते आणि माझं लक्ष नव्हतं? नाही टाकलं पाणी. साखर असेल तर मुंग्या येतील, नसेल तर नाही. मोरीचं दार लावून घेतलं.
दुपारी आईचा फोन. खोलीत पंखा बसवून घेतला म्हणाली, सहज.
आता दिवेलागण. हे झाडांची पिवळी पानं एक एक काढतायत, गप्पी त्यांच्या बोटांभोवती. चिनू खेळून आली.
"आई, मोरीचं दार काऊन लावलं?"
बाहेरच्या नळावर धू म्हटलं पाय.