तीन लायसन्स, चार माणसं

३ मार्च, सोमवार
आज पुन्हा बंद पडलं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसून आम्ही प्रोग्रॅम लिहितो, तेच. सकाळी धड उघडतं, दुपारी गोठतं, आणि गोठलं की तोवरचं काम पाण्यात. बनवणाऱ्या कंपनीने या जुन्या आवृत्तीतून केव्हाच अंग काढून घेतलंय. तक्रार केली की एकच उत्तर— नवीन आवृत्ती घ्या.

रक्त तपासणाऱ्या लॅब आमच्या प्रोग्रॅमवर रिपोर्ट छापतात. एका लॅबवाल्या बाईंचा फोन— 'पेशंट दारात उभे आहेत हो, काहीतरी करा.' काय करू? कपाळ!

साहेबांना स्पष्ट सांगितलं, आता ठिगळं लावणं पुरे. म्हणाले, 'बघा काय काय मिळतंय ते.' ऑफिस त्यांचं, पैसा त्यांचा. बघणारी मी.

६ मार्च, गुरुवार
दोनच पर्याय कामाचे. एक स्वस्त, दिसायला देखणं— पण आमचं जुनं काम त्यात चालणार नाही, सगळं पहिल्यापासून लिहायचं. तेवढ्यात लॅबवाले आम्हाला सोडून जातील. दुसरं महाग, पण जुनं काम सांभाळून घेतं. चाचणीपुरतं फुकट मिळतंय. चौघांनीही वापरून बघायचं ठरलं.

चौघं म्हणजे मी, मास्तर, चिमणी आणि भाऊजी. मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. साठीला टेकलेत. मी इथे लागले तेव्हा माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनीच मला काम शिकवलं. चिमणीची चिवचिव अखंड चालू, पण हातही तितकाच चालतो. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मीच त्यांना इथे चिकटवलं.

१२ मार्च
भाऊजींनी रिपोर्ट छापायचा भाग महागड्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवला. एकदाही गोठला नाही. घरी येताना स्कूटरवर मागे बसून अखंड बडबड— 'वहिनी, हेच घ्या. स्वस्ताच्या नादी लागाल तर रडाल.' कित्येक दिवसांनी असे खुशीत होते.

१४ मार्च, शुक्रवार
साहेब महागड्याला हो म्हणाले. हायसं वाटलं. क्षणभरच.

'तीन लायसन्स मागवा. नावं कळवा कंपनीला.'

हे लायसन्स माणसागणिक असतं. ज्याच्या नावावर, त्यानेच वापरायचं. एकदा नाव लागलं की वर्षभर बदलता येत नाही.

म्हटलं, 'साहेब, आम्ही चौघं आहोत.'

'तीनच लागतील,' म्हणाले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हातानेच मला जा म्हणाले. मी बाहेर आले. चिमणीने विचारलं, 'काय झालं?' म्हटलं, मंजूर झालं. ती टाळ्या वाजवायला लागली.

१५ मार्च
परत आत जाऊन विचारायला हवं होतं. पण विचारून काय होणार? ज्याचा चौथा नंबर, त्याला घरी पाठवणार, हेच ऐकायचं ना.

१७ मार्च
माझ्यावाचून टीम चालणार नाही, म्हणून मी. (किती सहज लिहिलं हे!) चिमणीसारखं काम कुणाला येत नाही, म्हणून ती. उरले मास्तर आणि भाऊजी.

मास्तरांना या वयात दारात कोण उभं करणार? भाऊजी तरुण आहेत, कुठेही लागतील. शिवाय त्यांना ठेवलं आणि मास्तरांना काढलं तर जग म्हणणार, घरच्याची सोय केली.

सगळं पटण्यासारखं आहे. पण खरं कारण वेगळंच. मास्तरांसमोर उभं राहून बोलायची माझी छाती नाही. घरच्या माणसाला दुखवणं सोपं वाटलं. घरचं माणूस जाणार कुठे?

नावं पाठवली.

१८ मार्च
भाऊजींना गच्चीवर गाठून सांगितलं. वाळलेले कपडे काढत होते दोरीवरून. काढतच राहिले. मग म्हणाले, 'चालवून मी दाखवलं ना, वहिनी?'

'हो.'

'मग माझ्या कामात काही कमी होतं का?'

म्हटलं, कामाचा प्रश्नच नाही. 'मग कशाचा आहे?' कपड्यांचा ढीग माझ्या हातात दिला आणि खाली गेले.

१९ मार्च
सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'तुझ्या हातात होतं ना गं?' नवरा म्हणतो, 'तुला योग्य वाटलं ते केलंस.' म्हणतो आणि तोंड फिरवतो.

२० मार्च
भाऊजींनी आपणहून राजीनामा दिला. त्यांची एकच अट— काढलं असं कुणाला कळता कामा नये. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, त्यांना दुसरीकडे चांगलं काम मिळालंय. साहेबही म्हणाले, 'वा, छान.' खोटं बोलताना जीभ अडखळलीही नाही.

२४ मार्च, सोमवार
लायसन्स आली. मास्तर स्क्रीनवरचं स्वतःचं नाव बराच वेळ वाचत राहिले. म्हणाले, 'माझ्यासाठी कशाला घेतलंत?' म्हटलं, असू दे मास्तर, तुमचा हक्क आहे. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, एक तरी गोष्ट माझ्या हातून बरी झाली.

सॉफ्टवेअर उत्तम चालतंय. गोठत नाही.

२६ मार्च
घरात कुणी कुणाशी बोलत नाही. ताटं वाढली जातात, उचलली जातात.

२८ मार्च, शुक्रवार
भाऊजी गेले. दुसऱ्या गावी, मित्राच्या खोलीवर. काम मिळालेलं नाही. सासूबाईंच्या पाया पडले, भावाला मिठी मारली. मला म्हणाले, 'येतो.' वहिनी म्हणाले नाहीत.

३१ मार्च
मास्तर पेढे घेऊन आले. म्हणाले, 'आज शेवटचा दिवस. लेकीकडे राहायला जातोय. साहेबांना मी गेल्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं, त्यांनी कळवलं असेल तुम्हाला.'

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, 'अहो, म्हणून तर तीन म्हटलं. लायसन्स आल्यावर यादीत मास्तरांचं नाव बघून मला वाटलं, तुमचे दीर निघाले म्हणून तुम्ही त्यांना थांबवून घेतलंत.'

कुणालाच काढायचं नव्हतं.