आईचा आवाज कितव्या नंबरावर?

४ जाने., रवि.
चहा पिता पिता बाबा म्हणाले, "तुझ्या आईचा आवाज आठवंना झालाय मला." एवढंच. मग पेपर उचलला. तीन वर्षं होतील तिला जाऊन. फोटो ढीगभर, पण आवाज एकाही फोनमध्ये नाही.
मग आठवलं. दादाचा गेम! तो जुना, राक्षसांना गोळ्या घालायचा. शिरवणे गावातली आमची जुनी खोली पाडायच्या आधी दादाने ती अख्खी त्या गेममध्ये बांधली होती, कॅलेंडरसकट. स्वयंपाकघराचं दार उघडलं की आई ओरडते, "चपला बाहेर काढ आधी!" खरीखुरी आई, चोरून रेकॉर्ड केलेली.
दादा बोटीवर नोकरीला. मेसेज टाकला. एकच टिक.

६ जाने., मंगळ.
ऑफिसमधून आल्यावर दादाचा जुना लॅपटॉप काढला. गेम चालू होतो, पण आमचं घर कुठाय? फोल्डरमध्ये मॉडच्या, म्हणजे गेममध्ये वरून घालायच्या फायली: घर, भिंती, बंदुका, राक्षसांचे आवाज. सगळ्या एकदम घातल्या. स्क्रीन काळी ठिक्कर. नेटवर म्हणे क्रमाने लावा. कुठला क्रम, ते धड कोणी सांगेल तर शपथ. 'डिपेन्ड्स' म्हणे. डोंबल!

८ जाने., गुरु.
बंदुकांच्या दोन फायली भांडत होत्या, एक काढली. मग विचार केला, पहिला मान कुणाचा? लग्नपत्रिकेत कुलदैवत वर, मग थोरले, तसं आपलं घर सगळ्यात वर, राक्षस तळाला. आणि आलं की घर! मोरी, पाण्याचं पिंप, कॅलेंडर. बाबांना हाक मारली. आले चपला फटफटवत. शुगरमुळे डॉक्टरांनी बजावल्यापासून घरातही पायातल्या काढत नाहीत. दार उघडलं.
राक्षस डरकाळला.
आयुष्यभर मार्केटात गोणी उचललेला माणूस, खुर्चीतून उडाला. मग म्हणाले, "एवढी बी चिडत नव्हती गं ती." मला हसूही आलं, रडूही.

१० जाने., शनि.
हाफ डे. भिंती वर, घर मध्ये, बंदुका... एकदा भिंतीच गायब. एकदा आईच्या ओट्यावर बंदूक. डोक्याचं पार भजं.
संध्याकाळी दादाचा मेसेज, रेंज मिळाली असणार. "येडे, जी फाईल शेवटी लागते तिचंच चालतं. घर शेवटी टाक."
म्हणजे मी मान दिला, आणि मागून आलेल्या राक्षसांनी आईला गप्प केलं? असला कसला उलटा कारभार.

११ जाने., रवि.
घर शेवटी. बाबा शेजारी. दार उघडलं.
"चपला बाहेर काढ आधी!"
आई गं. दार लावलं, उघडलं, परत लावलं, परत उघडलं. बाबा नुसती मान हलवत होते. "न्हाई गं. किती बारीक आवाज हा. ही ती न्हवं."
मी चिडले. ती नाही तर कोण, शेजारीण? मग मलाच कळेना. दादाने आवाजाचा स्पीड वाढवलाय का? की मलाच हवी तशी ऐकू... दादाला विचारलंय. एकच टिक.
बाबा उठून गॅलरीत जाऊन बसले. चहा द्यायला गेले तर पाय उघडे, गार लादीवर. "चपला कुठायत बाबा?" तर म्हणाले, "हितंच आसतील की."
दाराबाहेर होत्या, भिंतीला लावून, जोडीने.