लांबून टिपलेले मामंजी

सोन-कोलची कुरणं, ९ जून

ती. एलनुरा एजेस,
तुझ्या धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

मेंढरं, घोडे, मामंजी, सासूबाई, माझा एर्मेक आणि मी असे सगळे सुखरूप वर पोचलो. इथे फोन मुका, म्हणून यंदाही पत्रं. दूध न्यायला येणारा जोरोबेक ती बिश्केकच्या गाडीत टाकेल. वाटेत वाचू नकोस असं मी त्याला बजावलंय, म्हणजे तो नक्की वाचणार.

एजे, एक काम आहे. माझ्या मिररलेस कॅमेऱ्याला टेलिफोटो लेन्स हवी, लांबचं जवळ आणणारी. मामंजींना एकाहत्तरावं लागलं आणि घरात त्यांचा फोटो एकच, लष्करात भरती झाले तेव्हाचा. त्यांचा एक चांगला चेहरा मला टिपायचा आहे. पण मी पडले सून. सासऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्यांच्याकडे पाठ करायची नाही, नजर वर करायची नाही. अशा सुनेने डोळ्याला यंत्र लावून त्यांच्या पुढ्यात उभं राहायचं म्हणजे सासूबाईंचं सोड, मलाच धीर व्हायचा नाही. लांबून जमेल तेवढंच मला जमणार.

लेन्स मात्र आटोपशीर बघ. कोटाच्या खिशात मावली पाहिजे. शेजारच्या तंबूतल्या बायकांनी आताच विचारून घेतलंय, की सून नुसतं टिपते की बातमीदारही आहे. मोठी नळी लावून हिंडले तर तोफवाली म्हणतील. मागच्या उन्हाळ्यात पाहुण्यांना रांधून साठवलेले माझे सोम तुझ्याकडेच आहेत, त्या पैशांतून घे.

रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.
तुझी चोल्पोन


बिश्केक, १९ जून

चि. चोल्पोनला एजेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या लेन्सपायी एक अख्खा शनिवार गेला. दुकानदाराने तीन मांडल्या. पहिली मोठ्या तोंडाची; संध्याकाळीसुद्धा झकास दिसतं म्हणे, पण वजन दीड किलो. ती कोटाच्या खिशात घातलीस तर कोटच खाली येईल. दुसरी तीनशे मिलिमीटरपर्यंत पोचणारी, अर्ध्या किलोची, हात थरथरला तरी चित्र सांभाळून घेणारी. तिची खोड एकच, ऊन कलायला लागलं की तिला कमी दिसतं. आणि तिसरी मी मागितलीच नव्हती, त्याने आपणहून काढली. लिंबाएवढी. चेहरे काढायला तिच्यासारखी नाही, म्हणाला, फक्त माणसापासून दोन-तीन हातांवर बसावं लागतं.

फोटो कुणाचा काढायचाय, असं त्याने विचारलं. बहिणीच्या सासऱ्यांचा, म्हटलं. तर म्हणतो, मग तीनशेची कशाला, सासरे काय लांडगे आहेत का?

मला त्याचं पटलं, चोल्पोन. लांबून माणसाचं नाक येतं, कान येतो, टोपी येते. माणूस यायला त्याला कळावं लागतं की समोर कोण बसलंय. म्हणून छोटीच घे असं माझं मत. पण तू धरलंस ते सोडणारी नव्हेस हे आई तुला पाळण्यात असल्यापासून सांगत आली आहे, तेव्हा मधली घेतली. भावोजींच्या लोकरी मोज्यात गुंडाळून पाठवतेय. मोजा परत कर.

व्याह्यांना आणि विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. चार ओळी जास्त लिहीत जा, तेवढाच जीवाला आधार.
एलनुरा


सोन-कोल, ८ जुलै

ती. एजेस सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो. लेन्स खिशात मावते, वरून रुमाल टाकला तर दिसतही नाही. सकाळी दूध काढून झालं की मी शेण्या वेचायच्या निमित्ताने टेकाडामागे जाते आणि आडवी पडते.

एजे, तुला हसू येईल, पण दोन वर्षं ज्या घरात नांदतेय त्या घरातल्या माणसाचे डोळे घारे आहेत हे मला या लेन्समधून कळलं. डाव्या भुवईत जुना व्रण आहे. दोर वळताना ते ओठ हलवतात, बहुतेक गुणगुणत असावेत. एवढ्या लांबून ऐकू येत नाही. खोगीर कसताना, कोकराला बाटलीने पाजताना, घोड्याला रागावताना असे शंभरेक तरी झाले. सगळे तिरपे. समोरून एकही नाही. आणि संध्याकाळी, जेव्हा ते दारात निवांत बसतात, तेव्हाच तुझ्या दुकानदाराने सांगितलं तसं होतं, चित्रावर नुसती वाळू पसरते.

पण मी चिकाटी सोडणार नाही. उन्हाळा अजून बराच आहे. मोजा मीच वापरतेय, इथे थंडी आहे. भावोजींना माझ्यावर लोभ ठेवायला सांग, मोज्यावर नको.
चोल्पोन


सोन-कोल, ३० जुलै

चि. सौ. एलनुरा हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

व्याह्याचं पत्र पाहून दचकू नकोस. सगळे खुशाल आहेत. हे पत्र तुझ्या बहिणीला न कळवता देतोय. जोरोबेकला घोडीच्या दुधाचा आंबट कुमिस पाजून त्याचं तोंड बंद केलं आहे.

माझ्या थोरल्या भावाच्या थडग्यावर दगडात चेहरा कोरला, तो त्याच्या लष्करातल्या फोटोवरून. भाऊ गेला सत्तराव्या वर्षी, दगडावर आहे अठराचा. शेजारी वहिनीचा दगड लागला तेव्हापासून ती त्याची आई वाटते. माझं तसं होऊ नये. आमची सून मला लांबून टिपते हे मला ठाऊक आहे. मी सासरा आहे, आंधळा नाही. ती येते म्हणून मी हल्ली रोज दाढी करतो, त्यावरून तुझ्या विहीणबाई मला टोमणे मारतात.

मी तिला जवळ ये म्हणालो तर ती येईल. पण सासऱ्याचा हुकूम म्हणून येईल, खाली मान घालून, आणि माझंही तोंड हुकूम करणाऱ्याचंच येईल. आमच्या घरात मुलगी नव्हती. या पोरीला मी दोन वर्षांत धड हाकही मारलेली नाही. तू तिची एजे, तू तुझ्या रीतीने सांग, की समोर येऊन बसलीस तर म्हातारा रागावणार नाही, उलट वाट बघतोय. लवकर सांगितलंस तर बरं.

तुमच्या घरावर छाया राहो. इकडचं प्रेम आहेच.


बिश्केक, ६ ऑगस्ट

चि. चोल्पोनला आशीर्वाद.

आज घाईत. एक गंमत आहे, पण ती कागदावर सांगायची नाही. २८ तारखेला मी स्वतः वर येतेय, तेव्हा येताना काहीतरी आणेन आणि मग आपल्या दोघींत कोण बरोबर होतं ते तुझ्या तोंडून वदवून घेईन. तोवर उताणी पड, पालथी पड, हवं ते कर. सर्दी तेवढी सांभाळ.

भेटीपर्यंत लोभ राखून ठेव.
एलनुरा


बिश्केक, १० सप्टेंबर

चि. चोल्पोन,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. बावीस ऑगस्टला एर्मेकने खाली गावात उतरून फोन केला, की बाबा घोड्यावरून उतरले, दारात टेकले आणि गेले. मी निघाले तेव्हा माझ्या पिशवीत ती लिंबाएवढी लेन्स होती. तंबूत भिंतीकडे तोंड करून बायका रडत होत्या, मी तुझ्या शेजारी बसून रडत होते, आणि ती पिशवी माझ्या मांडीवर होती. तीन दिवस राहिले. तुला सांगायला तोंड उघडलं नाही.

सोबत तुझ्या मामंजींचं पत्र जोडलंय. तारीख बघ. मला ते ऑगस्टच्या चार तारखेला मिळालं. मी सहाला तुला लिहिलं, आणि त्यात हे लिहिलं नाही. लेन्स हातात ठेवून, पत्र वाचून दाखवून तुझा चेहरा बघायचा होता मला. खरं सांगायचं तर माझंच खरं ठरलं हे तुझ्याकडून ऐकायचंही होतं. लवकर सांग, असं त्यांनी लिहिलं होतं. एका ओळीचं काम होतं.

त्यांच्यावर मीच अन्याय केला, आणि तुझ्यावरही. लोभ मागायला मला तोंड नाही.
एलनुरा


कोचकोर, २६ सप्टेंबर

ती. एजेस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी तुझ्यावर रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चार दिवस रागावले होते. तुझं पत्र चुलीत घालणार होते, पण त्यात त्यांचं पत्र होतं.

वर्षश्राद्धाच्या जेवणाआधी दगड लागायला हवा, म्हणून परवा कारागीर फोटो मागायला आला. मी आणि एर्मेक सगळे फोटो पुन्हा बघायला बसलो. समोरून काढलेला एकच निघाला, सतरा ऑगस्टचा, लख्ख दुपारचा. मामंजी दारात बसलेत, थेट माझ्याकडे बघतायत, हसतायत, आणि एक हात वर करून बोटं स्वतःकडे ओढतायत. मला तो क्षण आठवतो. आपल्याकडे असं लेकराला बोलावतात, कुत्र्याला बोलावतात. सुनेला कुणी असं बोलावत नाही. म्हणून मला वाटलं, कुत्र्याला बोलावतायत. मी बटण दाबलं आणि दिसू नये म्हणून आणखी खाली दबले. थोड्या वेळाने त्यांनी हात खाली घेतला, तोही फोटो आहे.

एर्मेक सहज म्हणाला, की कुत्रा त्या दिवशी त्याच्याबरोबर वरच्या कुरणात होता.

कारागीर म्हणतो, चेहरा फार छान आहे, हात वगळून कोरतो. सासूबाई म्हणाल्या तेच बरं, मेलेला माणूस दगडातून बोलावताना बघून पोरं घाबरतील. मी हो म्हटलं. ते मागत होते तसा चेहरा त्यांना मिळाला, त्यांच्या वयाचा.

कुरणं सोडून खाली यायच्या दिवशी सगळे ओझी बांधत होते तेव्हा मी त्या टेकाडापासून दारापर्यंत चालून आले. बासष्ट पावलं भरली.

म्हणून सगळं स्वतःच्या माथी घेऊ नकोस, एजे. पत्र तुझ्याकडे होतं, पण हात तर माझ्यासमोर होता.

लोभ आहे. सध्या जरा लंगडतो, त्याला सांभाळून घे.
तुझी चोल्पोन