सैल केलेली क्लिप

३ मार्च, मंगळवार
बाबांची गाडी बिघडली! स्टिअरिंग जड झालंय, वळवलं की पंप कण्हतो. सकाळी ते नातीला शाळेत सोडायला निघाले आणि फाटकातूनच परत फिरले. "पोरीला घेऊन असली गाडी मी चालवणार नाही." मग मीच लेकीला स्कूटरवर बसवलं नि पळाले. गॅरेजला पोचायला उशीर. दिवसभर लोकांच्या गाड्या नीट करायच्या आणि घरच्या गाडीची ही गत — दिव्याखाली अंधार!

संध्याकाळी बॉनेट उघडलं. स्टिअरिंगच्या टाकीतलं तेल निम्म्याच्याही खाली. बेल्ट घट्ट, पंप बाहेरून कोरडा, म्हणजे तिथून गळती नाही. टाकीकडे तेल परत आणणाऱ्या पाइपाची क्लिप मात्र ढिली, तिथून थेंब थेंब गळत होतं. आवळली. तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले, आत शिरलेली हवा निघेपर्यंत. दंड भरून आले. मग असं वळायला लागलं की एका बोटाने फिरवावं!

बाबा खुर्ची टाकून बघत होते. चाळीस वर्षं बस चालवली त्यांनी, कुठे साधा ओरखडा नाही. मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. "झालं?" म्हणाले. "झालं." उठून आत गेले. शाबासकी नाही, काही नाही!

६ मार्च
तीन दिवस ठीक. आजोबा-नात वेळेवर निघतात.

९ मार्च, सोमवार
पुन्हा तेच. पुन्हा तीच क्लिप! जुनी झाली असेल म्हणून नवी घातली. गॅरेजमध्ये माझ्याबरोबर काम करणारे काका या धंद्यात मुरलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "क्लिप एकदा ढिली झाली तर क्लिपचा दोष. दोनदा झाली तर हात कुणाचा ते बघ." आणि हसले. मला हसू आलं नाही.

१० मार्च
जुनी क्लिप फेकणार होते, उजेडात धरून बघितली. स्क्रूच्या खाचेत बारीक, चकचकीत ओरखडे. माझा स्क्रू ड्रायव्हर रुंद तोंडाचा आहे. हे काम बारीक तोंडाच्या ड्रायव्हरचं.

गाडी आमच्या फाटकाच्या आत उभी असते. फाटकाला कडी, कडीला कुलूप. म्हणजे बाहेरचं कुणी नाही. घरात आम्ही चौघं. लेक आठ वर्षांची.

लिहायला हात धजत नाही. पण नवरा गेल्या महिन्यातच म्हणाला होता — "बाबांचं वय झालं आता. पोरीला त्यांच्याबरोबर पाठवू नकोस." किती भांडले होते मी! "माझ्या बाबांच्या हातात आयुष्यभर पन्नास-पन्नास माणसांचे जीव होते," असं काय काय बोलले. त्यानंतर त्याने तो विषय काढलाच नाही. का नाही काढला?

१२ मार्च
नव्या क्लिपवर आणि स्क्रूच्या डोक्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली. स्क्रू जरा फिरला तरी रेघ मोडणार. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

जेवताना नवऱ्याकडे बघत होते. "काय गं, तोंडाला काही लागलंय का माझ्या?" नाही म्हटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण हा मजेत जेवत होता. की माणूस एवढा मुरलेला आहे?

स्वतःचीच लाज वाटली. रेघ पुसली मात्र नाही.

१३ मार्च
रेघ जागेवर.

१६ मार्च, सोमवार
मोडली! बाबांनी सकाळी गाडी सुरू केली, स्टिअरिंग एकदा वळवलं, बंद केली. "आजही जमायचं नाही." मी बॉनेट उघडून बघितलं. रेघेचे दोन तुकडे.

तशीच स्वयंपाकघरात गेले. नवरा छापखान्यात जायच्या गडबडीत, डबा भरत होता.

"का असं करतोस?"

"कसं?"

"बाबांच्या गाडीची क्लिप का ढिली करतोस?"

आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला. "अगं, मला बॉनेट कुठून उघडतात तेसुद्धा माहीत नाही."

"तुलाच नको होतं ना पोरीला त्यांनी नेलेलं!"

"हो, नको होतं. पण ते तुझ्या तोंडावर सांगितलं ना मी? मागून असले उद्योग करणारा वाटलो मी तुला?" आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं. डबा तिथेच ठेवून गेला.

मागे वळले तर बाबा दारात उभे. सगळं ऐकलेलं. तसेच खोलीत गेले.

१७ मार्च
घरात कुणी कुणाशी बोलत नाही. लेक शाळेतून आली नि विचारते, "कोण आजारी आहे?"

१८ मार्च, बुधवार
बाबा गॅरेजवर आले. चालत, फुटपाथच्या कडेकडेने. काका चहा सांगायला गेल्यावर बोलले. "जावयाला बोल लावू नकोस. क्लिप मी ढिली करत होतो."

"पहिल्यांदा गाडी बिघडली ना, त्याच्या आदल्या दिवशी शाळेसमोर एक बाई रस्ता ओलांडत होती. मला दिसलीच नाही ती. पोर ओरडली म्हणून ब्रेक लागला. तिला शपथ घातली, घरी सांगू नको म्हणून." मग म्हणाले, "गाडी बिघडली असं सांगता येतं गं. डोळे गेले, हे कसं सांगायचं?"

त्यांचा हात धरून बसले थोडा वेळ. मग काकांवर गॅरेज सोपवलं नि नवऱ्याच्या छापखान्याकडे निघाले.