तीन फोटो आणि माझी बाजू

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.
एचआरच्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं तेव्हा वाटलं, बढतीचं असेल. कॉलर नीट केली. बाई म्हणाल्या, भिंगांना रंग देतात त्या टिंटिंग विभागातल्या नव्या मुलीची तक्रार आहे, तुम्ही तिच्या फोनवर स्वतःचे फोटो पाठवलेत. मी म्हटलं, त्यात काय, फोटो सगळेच पाठवतात. त्या म्हणाल्या, असे नाही पाठवत.
उद्यापासून घरी बसायचं. मुलगी पोलिसांतही गेली आहे.
मी शांत आहे. एकवीस वर्षं चष्म्याची भिंगं तपासतोय. केसाएवढा ओरखडा नजरेतून सुटत नाही. असा माणूस असलं काही करेल? हा मुद्दा वकिलाला द्यायचा.

५ फेब्रुवारी.
संकल्प. एक, रोज चाळीस मिनिटं चालणं. दोन, बायकोला सांगायचं नाही, तिला उगाच टेन्शन. तीन, रोज ही वही लिहायची. माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहायचं कारणच नाही.
बायकोला सांगितलं, फॅक्टरीत ऑडिट आहे, म्हणून घरून काम. तिने विचारलं, भिंगं घरी येणार का? शाळेत शिकवून शिकवून तिला प्रश्न विचारायची खोड लागली आहे.
चालणं उद्यापासून.

१० फेब्रुवारी, सोमवार.
वकील केला. मुद्दाम बाई बघितली. कोर्टात बरं दिसतं.
वकीलबाईंच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर ओरखडा आहे. सांगितलं. त्या म्हणाल्या, मुद्द्यावर या.
मुद्दा मांडला. अंगठा चुकून लागला आणि फोटो गेला. त्यांनी विचारलं, किती वेळा? तीन. एकाच दिवशी? नाही, तीन वेगवेगळ्या दिवशी. मी म्हटलं, माझा अंगठा जाड आहे. त्यांनी अंगठ्याकडे नीट बघितलं. लिहून मात्र काहीच घेतलं नाही. अनुभवी वकील फार लिहीत नाहीत.

१३ फेब्रुवारी.
अंगठा रद्द. फोन हॅक झाला होता. हे आधी कसं सुचलं नाही!
वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तपासणीचा कागद आलाय. फोटो तुमच्याच फोनने काढलेत, तुमच्याच बोटाच्या ठशाने लॉक उघडून. मागे फॅक्टरीच्या वॉशरूमच्या निळ्या फरशा आहेत. हा हॅकर फॅक्टरीत आला होता का?
मी म्हटलं, शक्यता नाकारता येत नाही. त्यांनी फोन ठेवला. बहुतेक रेंज गेली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.
घरी समन्स आलं. मी आंघोळीला गेलो होतो. बायकोने घेतलं आणि उघडलं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडणं बरोबर नाही, हे तिला सावकाश सांगावं लागेल.
बाहेर आलो तर ती शाळेतून आली तशीच उभी, खांद्यावर पर्स, पायात चपला. "ऑडिट," एवढंच म्हणाली. मग विचारलं, तू पाठवलेस का?
मी म्हटलं, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.
ती तशीच बाहेर गेली. दीड तासाने आली. म्हणाली, आपल्या मुलीला मी काही सांगणार नाही. ते तू सांगायचंस.
रविवारी सांगतो म्हटलं.

२१ फेब्रुवारी.
भक्कम बचाव सापडला. मला त्या भागात पुरळ होती. फोटो स्किनच्या डॉक्टरांना पाठवायचे होते. फोनमध्ये डॉक्टर आणि ती मुलगी, दोघांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. देवालाच काळजी.
लगेच डॉक्टरांकडे गेलो. जुन्या तारखेची चिठ्ठी द्या म्हटलं. ते म्हणाले, आधी बघू तर द्या. बघितलं. म्हणाले, तुम्हाला काहीही झालेलं नाही. मी म्हटलं, बरी झाली असेल. त्यांनी कोरड्या त्वचेचं मलम लिहून दिलं, आजच्या तारखेने.
तरीही वकीलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, फोटो एकदम स्पष्ट आहेत, त्यांत पुरळ दिसत नाही. फोटो स्पष्ट आल्याबद्दल क्षणभर बरं वाटलं. हे लिहायला नको होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार.
मुलीला सांगितलं नाही. तिची चाचणी परीक्षा आहे. अभ्यासात व्यत्यय नको. मी बाप आहे.

३ मार्च, सोमवार.
वकीलबाईंकडे दोन तास. आज हुकमी पत्ता टाकला. त्या मुलीने मला स्मायली पाठवला होता. म्हणजे प्रोत्साहन तिकडूनच.
त्या म्हणाल्या, ठीक आहे, सगळं क्रमाने वाचू. आणि मोठ्याने वाचायला लागल्या. बातम्या वाचतात तशा, एका सुरात. मुलीचे मेसेज चार. माझे एकसष्ट.
तिचा पहिला: "शिफ्ट बदलून दिल्याबद्दल धन्यवाद सर", पुढे स्मायली. मग माझे वीसेक. आज निळा ड्रेस छान दिसत होता. जेवलीस का. रागावलीस का. उत्तर का देत नाहीस. मग पहिला फोटो. तिचा दुसरा: "सर चुकून आलंय बहुतेक, मी डिलीट केलंय." मग माझे हसरे चेहरे. मग दुसरा फोटो. तिचा तिसरा: "सर, कृपया असं काही पाठवू नका. नंबर मी कामासाठी दिला होता."
वकीलबाई थांबल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, यानंतर तिसरा.
क्रम असा होता हे माझ्या लक्षात नव्हतं. खरंच नव्हतं. ओळीने वाचलं की कोणाचंही वाईटच दिसतं.
तिचा चौथा मेसेज वाचा म्हणून मीच सांगितलं. तो एकाच शब्दाचा होता. "का?"
निघताना त्यांनी विचारलं, डायरी वगैरे लिहिता का? नाही म्हटलं.

९ मार्च, रविवार.
आज मुलीला सांगायचंच असं ठरवलं. ती जेवणाच्या टेबलावर नखं रंगवत बसली होती. मी सुरुवात केली, बाळा, मोठेपणी कधीकधी माणसाबद्दल गैरसमज होतात. ती मान वर न करता म्हणाली, बाबा, मला महिना झाला माहितीये. त्या ताईची बहीण आमच्या कॉलेजात आहे.
मी म्हटलं, तुझ्या वयात तुला हे कळणार नाही. ती म्हणाली, मला आठवीत असताना पहिला फोटो आला होता. असाच. कुठल्यातरी काकांचा.
मी विचारलं, तेव्हा मला का नाही सांगितलंस? मी त्याचे हातपाय तोडले असते.
 नखं ओली होती म्हणून हात पसरून बसली होती. मग उठून आत गेली.
आज जेवलो नाही. ॲसिडिटी.

१४ मार्च, शुक्रवार.
चारित्र्याचा साक्षीदार हवा. फॅक्टरीतले माझे जुने साहेब, काका, त्यांच्याइतका चांगला कोण? मला कामावर त्यांनीच घेतलं, भिंग उजेडात कसं फिरवायचं तेही त्यांनीच शिकवलं. आता निवृत्त आहेत. त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मी म्हटलं, काका, फक्त एवढंच सांगा, की हा माणूस तसा नाही.
त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, पॅकिंगमधली ती बाई आठवते का? नोकरी सोडून गेली ती? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मला आठवते. ती माझ्याकडे आली होती, फोन घेऊन. मी तिला म्हटलं, सोडून द्या, चांगला कामगार आहे. चूक झाली माझी. मला साक्षीला बोलावू नकोस. बोलावलंस तर हे सांगीन.
दारापर्यंत सोडायला आले. नेहमी फाटकापर्यंत येतात.
काकांचं वय झालंय. त्यांची स्मरणशक्ती आता भरवशाची राहिली नाही.
तिने पिवळा स्वेटर घातलेला असायचा.

२० एप्रिल, रविवार.
मंगळवारी कोर्ट. भाषण तयार, चौदा पानं. उलटतपासणीसाठी प्रश्नही मीच काढून दिलेत, बत्तीस. लगेच ब्लॉक का केलं नाही? स्मायलीचा अर्थ काय? दुसऱ्या फोटोनंतर कामावर हसत का वावरत होती? वकीलबाई म्हणतात, कबुली द्या, शिक्षा कमी होईल. त्यांची लढायची तयारी कमी पडतेय. आरशासमोर भाषण दोनदा म्हटलं. आवाज चांगला लागतो.

२२ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.
ती मुलगी साक्षीला उभी राहिली. कामावर वाटायची त्यापेक्षा लहान दिसली. पहिला फोटो आला तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं सरकारी वकिलांनी विचारलं. ती म्हणाली, दवाखान्यात. आईचं ऑपरेशन झालं होतं. आईला धाकट्या भावाचा व्हिडिओ दाखवायला फोन तिच्या हातात दिला होता. फोटो आईने पाहिला. आईने मला विचारलं, हे कोण गं? मी म्हटलं, आमचे साहेब.
इतके दिवस मी विचार केला होता तो फक्त तिचा फोन, तिचा हात, एवढाच. त्या फोनला आणखी कोणाचा हात लागेल हे डोक्यातच नव्हतं.
वकीलबाई खाली वाकून कुजबुजल्या, काही विचारायचंय? बत्तीस प्रश्नांचा कागद माझ्या मांडीवर होता. घडी करत गेलो, आणखी घडी होईना इतका लहान झाला.
नाही म्हटलं. कबुली देतो म्हटलं. भाषणाला मिनिटभरही लागलं नाही, कारण ते झालंच नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार.
कोर्टाने माफीपत्र मागितलंय, स्वतःच्या शब्दांत. नोकरी गेल्याचं पत्रही आजच आलं.
सकाळपासून अकरा मसुदे केले. पहिला "आपल्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास" इथून सुरू झाला आणि दीड पानावर माझ्या एकवीस वर्षांच्या सेवेपाशी पोहोचला. वकीलबाईंनी फोनवर ऐकून घेतला. म्हणाल्या, "असल्यास" काढा. ते काढलं तर पुढचं काहीच उभं राहिना.
शेवटी राहिलं ते असं: "तुम्ही मागितले नव्हते. तुम्ही नको म्हणालात, तरी मी पाठवले मला माफ करा."
बायको मुलीला घेऊन आपल्या बहिणीकडे राहायला निघाली होती. बॅगा दाराशी होत्या. मी कागद पुढे केला. म्हटलं, एकदा बघतेस का? वाटलं, वाचून काहीतरी बोलेल.
तिने उभ्या उभ्या वाचला. पर्समधून लाल पेन काढलं, "पाठवले"च्या पुढे पूर्णविराम दिला.
बाकी बरोबर आहे, म्हणाली, आणि खाली रिक्षा थांबली होती म्हणून गेली.