वहीतले खोडलेले माप

दि. १३ एप्रिल, सोमवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. 'इकडे सर्व ठीक आहे' असे आधी लिहिले होते. ते खोटे वाटले, म्हणून तो कागद टाकून हा नवा घेतला. खाडाखोड करून पाठवणे मला जमत नाही, हे तू जाणतोसच.

परवा वहिनीला तुझा फोन आला तेव्हा मी शिलाई मशीनवर होतो. फोन स्पीकरवर होता आणि मी पाय थांबवला, त्यामुळे सगळे ऐकू आले. "चार महिने झाले ना गोळीला? पोरगी बरी दिसते, मग करा बंद. जन्मभर औषध खाणारी म्हणून नाव पडेल तिचे." वहिनी नुसती "बरं" म्हणाली आणि बाटली वरच्या फळीवर ठेवून दिली. काल सकाळी मी ती खाली काढली. तुला न विचारता काढली. आजही काढली.

दादा, तुझ्या ठकीच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी काम करत नाही. तिने जे बनवायचे ते गोळी देते. पोरगी बरी दिसते ती गोळीमुळेच. कपडा अंगाला नीट बसला म्हणून कोणी त्याची शिवण उसवतो का?

मला फार राग आला आहे. सात वर्षांचे पोर उन्हाळ्यात स्वेटर मागायचे, तर आपण म्हणालो नखरे. जिना चढताना मध्येच बसायची, तर तू तिला कासव म्हणालास. शाळेतल्या बाई म्हणाल्या, डोक्यात काही शिरत नाही. एवढी मोठी माणसे आपण, पण ती मध्येच का बसते, हे एकानेही विचारले नाही.

एकानेही म्हणताना मी स्वतःला वगळत होतो. ते बरोबर नाही.

गेल्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी मी तिच्या फ्रॉकचे माप घेतले. चोवीस इंच. वहीत पाहिले, तर आदल्या वर्षीही चोवीसच. मूल वर्षभर वाढणार नाही, हे माझ्या डोक्यातच आले नाही. वाटले, आदल्या वर्षी मीच चुकीचे लिहिले असणार. वहीत चूक मला सहन होत नाही. मी आदल्या वर्षीचा आकडा रबराने खोडून तिथे तेवीस केले.

पुढच्याच आठवड्यात वहिनी तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारले, उंची वाढते का? वहिनी म्हणाली, "भाऊजींच्या वहीत माप असतं." मी वही पुढे केली. त्यांनी पाहिले, म्हणाले, "वाढतेय की हळूहळू," आणि घरी पाठवले. रक्त तपासायला त्यानंतर सहा महिने गेले. हे मी वहिनीलाही सांगितलेले नाही.

टेप खरे सांगत होती. मीच मनाने ठरवले की वहीतला आकडा चुकला. आता तूही लांब बसून मनानेच ठरवतो आहेस. एका घरात हे दोनदा होऊ देणार नाही.

आज सकाळी बाटली काढायला गेलो, तर फळीखाली पाण्याचा पेला आधीच भरून ठेवलेला होता. वहिनी पाठमोरी उभी होती. ठकी गोळी गिळून खाली गेली, पुन्हा धावत वर आली. "काका, जिन्यात मध्ये बसले नाही! आता माझं माप मोज ना!"

मोजले. फ्रॉकची खालची दुमड एक इंच उसवावी लागली. पंचवीस. पेनाने लिहिले आहे. तू येशील तेव्हा ते पान दाखवीन, आणि खोडलेलेही.

आजवर तुझ्या शब्दाबाहेर न गेलेला आणि कालपासून गेलेला,
तुझा धाकटा भाऊ