पडीत ठरवलेल्या रानाची वारस

मी, डॉ. पूर्णिमा देवाजी दुर्गे, वय सदुसष्ट, वनसंशोधन संस्थेतून शास्त्रज्ञ म्हणून निवृत्त, राहणार आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नोकरीत असताना ज्यांनी माझ्या बुद्धीबद्दल शंका घेतली, त्यांच्यापैकी कोणाकडे असा दाखला असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. माझ्यावर दडपण नाही. काहींनी आणून पाहिले, त्यांना जमले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. स्टेशनच्या मागचे माझे दोन खोल्यांचे घर माझी विधवा वहिनी विठाबाई हिला मिळावे. माझी आई रुक्माबाई अंथरुणाला खिळली तेव्हा मी जंगलात जमिनीचे तापमान मोजत हिंडत होते. आईचे सगळे वहिनीने केले. वहिनीचा मुलगा कुलदीप, म्हणजे माझा भाचा, याला माझ्याकडून काहीही नाही. "आत्या, तुमी जनमभर झाडंच मोजत राह्यल्या, त्यातून निघालं काय?" असे त्याने मला चार माणसांत विचारले होते. उत्तर त्याला पुढे मिळाले, आणि ते तो विकायला निघाला.

२. सत्कारात मिळालेल्या शाली विठाबाईने गोधडीत घालाव्यात. निवृत्तीच्या दिवशी संस्थेने दिलेल्या मानचिन्हावर माझे आडनाव चुकीचे कोरले आहे. ते भंगारात द्यावे, पितळ बरे आहे. पुस्तके कोणत्याही संस्थेला देऊ नयेत. बासरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना बोलावून त्यांना हवी ती नेऊ द्यावीत. परत मागू नयेत.

३. माझा चेपलेला पर्जन्यमापक संस्थेचे माजी संचालक राघवेंद्र चिंतावार यांना पोहोचता करावा. कारण लिहून ठेवते, कारण संस्थेच्या इतिहासात ते सापडणार नाही.

वांकिडीच्या पुढे एका डोंगरउतारावर संस्थेची संशोधनाची जागा होती. तिथले जंगल पूर्वीच तोडले गेले होते, पण जमिनीखाली मुळे जिवंत होती. कोणी हात न लावता खुंटांना फूट येत गेली आणि मोह, तेंदू, धावडा, साग पुन्हा उभे राहिले. असे आपसूक परतलेले रान हवेतला कार्बन किती धरून ठेवते, आणि वैशाखात जमीन किती थंड ठेवते, हे मी वर्षानुवर्षे मोजत होते. पुढे वृक्षारोपणाचा एक मोठा कार्यक्रम निघाला. त्याला मोकळी जागा हवी होती. राघवेंद्रांनी आमचा उतार झाडे नसलेली पडीत जमीन असल्याच्या कागदावर सही केली. कार्यालयात बसून राहणाऱ्याला जंगल दिसले नसते तर मी समजू शकले असते. या गृहस्थांनी त्याच सावलीत बसून माझ्या डब्यातली भाकर खाल्ली होती.

जेसीबी आला तेव्हा मी आणि माझी सहायक साक्षी तिथेच होतो. मी राघवेंद्रांना फोन केला. "म्याडम, आपण तोडून नाही राह्यलो, नवीन लावून राह्यलो," ते म्हणाले. दुपारपर्यंत उतार उघडा पडला. पर्जन्यमापक चाकाखाली गेला, तेवढा मी उचलून आणला. पावसाळ्यात पाहुण्यांनी रोपे लावली आणि फोटो काढून घेतले. उन्हाळ्यात रोपे वाळली. राघवेंद्रांना हवामानबदलावरील कार्याबद्दल सन्मान मिळाला, मला वरिष्ठांशी उद्धट वागल्याबद्दल नोटीस.

माझ्यावर चौकशी बसली. संस्थेतले झाडून सगळे विद्वान त्या सुमारास रजेवर होते, नाहीतर तापाने आजारी होते. अशी साथ जिल्ह्यात पूर्वी आली नव्हती. कंत्राटावर असलेली साक्षी तेवढी पुढे आली आणि म्हणाली, "तिथं जंगल होतं. मी रोज त्यातून जात होती." तिचे कंत्राट पुढे वाढले नाही. ती आता वांकिडीला एका खाजगी शाळेत शिकवते.

४. बँकेत जे उरेल ते खालील जमिनीसाठी कोर्टात लढावे लागेल त्याच्या खर्चाला ठेवावे. लढावे लागेलच, मी आपल्या माणसांना ओळखते.

५. जमीन. त्या प्रकारानंतर मी नोकरी सोडली नाही. सोडली असती तर त्यांना बरे वाटले असते. वांकिडीच्या शिवारात कोणाला नको असलेली मुरमाड जमीन विकत घेतली, तारेचे कुंपण घातले आणि पुढे काहीही केले नाही. मुळे खाली होतीच. गाव हसले, कुलदीप हसला. आज तिथे दुपारीही गारवा असतो.

मागच्या वर्षी कुलदीप कार्बनचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला घेऊन घरी आला. दूरच्या कारखान्यांनी धूर सोडत राहायचे आणि माझे रान दाखवून आपण स्वच्छ असल्याचे सांगायचे, असा तो धंदा. कंपनीचे सल्लागार म्हणून सोबत राघवेंद्र होते. माझे संशोधन काळाच्या पुढचे होते, असे ते म्हणाले. मी म्हटले, "मग त्या उतारावर जंगल होतं, एवढं लिहून द्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "जुनं काऊन उकरता, म्याडम?" म्हणाले, आणि चपला घालू लागले. मी त्यांना थांबवले नाही.

ही सर्व जमीन, तिच्यावरील रानासह, साक्षी चंपत रामटेके हिला मिळावी. तिथे कोणत्याही कार्यक्रमाचे रोप लावू नये. माझ्या नावाची पाटी नको. माझ्या स्मृतीसाठी झाड लावायला कोणी आलेच तर त्याला बसस्टँडचा रस्ता दाखवावा.

साक्षीला हे सांगितले तेव्हा तिने नकार दिला. आपल्या मागे नोकरी, लहान मूल आणि पुरेशी भांडणे आहेत, म्हणाली. मी तिलाही चार शब्द सुनावले. तिने ते ऐकून घेतले.

मग म्हणाली, "मॅडम, तुमी साऱ्यांनाच राघवेंद्र समजता. आतमंधी मोहफुलं सडून राह्यली, अन् गावातल्या बाया तारेपाशी उभ्या राहून पाहतात. फाटक उघडाल तं घेईन."

असे बोलणाऱ्याला मी सहसा घराबाहेर काढते. तिला चहा केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पहाटेच्या बसने वांकिडीला आणि तिथून ऑटोने रानापाशी गेलो आणि मी फाटक उघडले. बाया टोपल्या घेऊन उभ्याच राहिल्या. मी ओरडेन, अशी त्यांची खात्री होती. ती मीच करून दिलेली. शेवटी मी पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड केले, तेव्हा त्या आत गेल्या. थोड्या वेळाने आतून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. कशाला हसत होत्या ते मी विचारले नाही.

तेव्हा अट अशी: मोहाच्या दिवसांत फाटक उघडे राहील. ही अट वारसाने घातली आहे. मी फक्त खाली सही करत आहे.

अंमलबजावणी वकील भार्गव पाठक यांनी करावी. ते कमी बोलतात, एवढी पात्रता मला पुरेशी आहे. वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि मी त्यांच्यासमोर, त्यांनी माझ्यासमोर, सह्या केल्या.

पूर्णिमा देवाजी दुर्गे

साक्षीदार:
१. डॉ. हर्षदीप खोब्रागडे, आदिलाबाद
२. राजकुमार चहारे, निवृत्त लिपिक, तहसील कार्यालय

आदिलाबाद, दि. ९ एप्रिल २०२५